भिंतीवरचे डॉक्टर

दातांच्या डॉक्टरांनी जन्मात एकाच गोष्टीशी जीव तोडून भांडण केलं, ते समोरच्या बागेशी. आधी तिथल्या मोकळ्या जागेत त्यांच्या पेशंटच्या गाड्या लागायच्या. बागेचं काम सुरू झालं त्या दिवशी डॉक्टर हात पसरून खोदाईच्या मशीनसमोर उभे राहिले. तरी बाग झालीच. तेव्हापासून ते बाजारातसुद्धा बागेला लांबचा वळसा घालून जात.

दवाखाना बंद करून ते निवांत झाले, तेव्हा एका सकाळी चित्रकलेच्या बाई घरी आल्या. फुटक्या कपबशांचे आणि फरशांचे तुकडे जोडून बागेच्या भिंतीवर मोठं चित्र करायचं होतं, बागेचा सगळा इतिहास सांगणारं. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्रातला एक जुना फोटो ठेवला. हात पसरलेले डॉक्टर, समोर मशीन.

"कधी बोलला नाहीत, डॉक्टर! ही जागा बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून तुम्ही एकटे उभे राहिलात!"

स्वयंपाकघरात डॉक्टरांच्या बायकोला ठसका लागला.

"अहो बाई, त्याचं काय झालं होतं..."

"काही बोलू नका. चित्रात मधोमध तुम्हीच." बाईंचे डोळे भरून आले. रडणाऱ्या माणसाला भूल देण्यापलीकडे डॉक्टरांना काही जमत नसे. त्यांनी पाण्याचा पेला बाईंपुढे सरकवला.

"उद्या जाऊन खरं सांगतो," ते बायकोला म्हणाले.

"सांगा की. तुम्हाला कुणी अडवलंय?"

दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदाच बागेचं फाटक ओलांडून आत गेले. तोंड उघडायच्या आत कुणीतरी खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्यांच्याच हनुवटीचे तुकडे हातात ठेवले. डॉक्टरांनी एक तुकडा बसवला. जरा तिरका वाटला म्हणून काढून पुन्हा बसवला. चुकीची हनुवटी त्यांच्याने बघवली नसती. मग ते रोजच जाऊ लागले.

एका दुपारी शेजारी वकील येऊन बसले. बाग व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या करणारे तेच. त्या वेळी दोघांची हमरीतुमरी झाली होती. वकिलांनी चित्राकडे निरखून पाहिलं.

"नाक लहान झालंय तुमचं."

"वकीलसाहेब, खरं तुम्हाला माहीत आहे. सांगत का नाही?"

"काय सांगू? बागेचे पैसे सरकारात अडकले होते. मशीन एक दिवसापुरतं भाड्याने आणलं होतं, नुसतं दाखवायला. तुम्ही आडवे आलात, पेपरात फोटो आला, गावभर बोभाटा झाला आणि वरून झटक्यात मंजुरी मिळाली. तुम्ही घरी बसला असता तर बाग झाली नसती हो!"

डॉक्टरांच्या हातातला तुकडा खाली पडला. इतकी वर्षं आपण निदान विरोध तरी मनापासून केला, एवढा एकच अभिमान त्यांनी जपला होता, आणि तो विरोधही बागेच्याच कामी आला होता.

चित्राचं उद्घाटन झालं त्या दिवशी ते तावातावाने माइकसमोर गेले. "लोकहो, मी बागेच्या विरोधात होतो! मला इथे गाड्या लावायला जागा हवी होती!"

लोक पोट धरून हसले. "किती साधा माणूस!" चित्रकलेच्या बाई शेजारणीला म्हणाल्या. टाळ्या थांबेनात. डॉक्टरांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं, तेव्हा लोक उठून उभे राहिले.

"चल घरी," ते खाली येऊन बायकोला म्हणाले.

"जरा बसू या की." ती त्यांना कोपऱ्यातल्या बाकाकडे घेऊन गेली. तिथल्या दोन बायकांनी तिला पाहताच सरकून जागा केली. माळ्याने लांबूनच हात हलवला. एक कुत्रं येऊन तिच्या पायाशी अंग टाकून झोपलं.

डॉक्टर बघतच राहिले. "तू इथे येतेस?"

"तुम्ही दवाखान्यात गेलात की यायचे. रोज," ती म्हणाली. "बसा ना. डाव्या बाजूला बसू नका, तिथली फळी बोचते."