बिळाचं तोंड

प्रीतीनं घरात समुद्र आणला तेव्हा तातेराव तिच्या तोंडावरच हसला होता. जालन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि ही नात काचेच्या टाकीत पाकिटातलं मीठ मापानं कालवते. कशासाठी, तर बोटभर पिवळ्या माशासाठी! गोबी म्हणे. बरं, तो मासा धड पोहतही नाही. वाळूत एक बीळ, आणि हे साहेब दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसलेले.

पण महिन्याभरात तातेरावच त्या टाकीसमोरून उठेनासा झाला. बीळ मासा खोदत नव्हता, त्याच्याबरोबर राहणारा झिंगा खोदत होता. झिंग्याला नीट दिसत नाही. वाळू ढकलत तो बाहेर येतो तेव्हा त्याची एक मिशी माशाच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की मासा शेपूट हलवतो, आणि झिंगा झटक्यात आत. तातेरावाची उभी हयात विहिरी खोदण्यात गेली होती. खाली एकानं खोदायचं आणि काठावर एकानं राखण करायची, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"ह्यो वरचा गडी लई इमानदार हाय," तो माशाकडं बोट दाखवून म्हणायचा.

विहिरी खोदणाऱ्या त्यांच्या जोडीत वरचा तातेराव आणि खालचा त्याचा धाकटा भाऊ, शिवाजी. एकोणीस वर्षांपूर्वी अंबड तालुक्यातल्या एका विहिरीत दरड ढासळली आणि शिवाजी खालीच राहिला. तातेराव फावडं घेऊन उतरायला निघाला, तर लोकांनी त्याला धरून ठेवलं. "थांब, राहिलेली बी अंगावर येईल. पोकलेन येऊन राह्यलंय." तो थांबला. पोकलेन चार तासांनी आलं. शिवाजी मातीत बसलेला सापडला, दोन्ही हातांची नखं मोडलेली. म्हणजे तो बराच वेळ जिवंत होता. भावजय प्रभावतीनं तातेरावाला कधी दोष दिला नाही, फक्त त्याच्याशी बोलणं सोडलं.

प्रीती एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात कामाला. आठ दिवसांच्या ट्रेनिंगला हैदराबादला निघाली तेव्हा तिनं बजावलं, "आबा, दिवा आपोआप लागतो, आपोआप जातो. सकाळी चिमूटभर खाणं टाका. बस. बिळाला बिलकुल हात लावू नका."

"म्या काय खुळा हाय का?"

रोज संध्याकाळी तातेराव विहारात वंदनेला जायचा. परत येईपर्यंत टाकीतला दिवा गेलेला असायचा. चौथ्या दिवशी गुडघा सुजला म्हणून तो घरीच राहिला. दिवेलागणीला सहज टाकीकडं पाहिलं, तर बिळाला तोंडच नव्हतं. तिथं नुसती वाळू होती. मासा नाही, झिंगा नाही.

दोघंही आत.

त्यानं प्रीतीला फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. ती उचलेना. शेजारची बेबीनंदा काय झालं म्हणून डोकावली. सगळं ऐकून म्हणाली, "थांबा की काका. तिचा फोन येईलच."

थांबा! तातेरावानं बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात टाकीत घातले. बोटांनी वाळू उपसली, जल्दी जल्दी, आणि बिळावर कलता ठेवलेला दगड आवाज न करता खाली बसला. पाणी गढूळ झालं. निवळलं तेव्हा दगडाखालून पिवळी शेपटी दिसली. ती हलत नव्हती.

मग फोन वाजला.

"आबा, क्लासमधी होते. काय झालं?"

"बीळ बुजलं होतं बाई. म्या काढाया गेल्तो. मासा दगडाखाली घावला."

"आबा, झिंगाच ते रोज संध्याकाळी बंद करतो. दार लावून झोपतेत ते. सकाळी उघडतेत. मी सांगायचंच इसरले." तिला रडू येत होतं, पण तिनं आवाज सांभाळला. "तुमची चूक न्हाई, आबा."

एकोणीस वर्षं हे कुणीतरी म्हणावं म्हणून तो वाट पाहत होता. म्हटलं गेलं ते एका माशासाठी. फोन कानाला तसाच धरून तातेराव बेबीनंदासमोर लहान पोरासारखा रडला.

सकाळी टाकीतला दिवा लागला. दगडाच्या कडेला वाळू हलली, आणि आतून एक भोक पडलं. झिंगा जिवंत होता. तो तोंडाशी आला आणि त्यानं मिशी बाहेर काढली. डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली. ती कुणाच्याच अंगाला लागली नाही. तो तिथंच थांबला.

तातेराव काचेला कपाळ टेकवून बसला.

"ये शिवा," तो म्हणाला. "म्या हाय वर. ये."

झिंगा बाहेर आला नाही.