ऐरणीला नावं ठेवताना

जुनी वस्तू घेताना तिला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही, असं माझ्या ताईचं ठाम मत आहे. नवरासुद्धा तिने असाच नावं ठेवत पसंत केला. म्हणून ऐरण बघायला जाताना मी तिला बरोबर घेतलं.

मी सुऱ्या घडवतो. आजवर रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर घडवत होतो. दर घावाला तो तुकडा सरकतो आणि त्याच्या मागोमाग मी. परवा एका हॉटेलच्या आचाऱ्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या माझ्याकडून करून मागितल्या. ते काम रुळावर होण्यातलं नव्हतं. ऐरण मिळाली तर ठीक, नाहीतर भावोजींच्या दुकानात बसून पंखे विकायचे, असं घरात ठरलं होतं.

ऐरण एका लोहाराची होती. तो गेल्या वर्षी वारला. त्याच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, आम्हाला घरामागच्या शेडमध्ये नेलं. मी खिशातून बेअरिंगचा छर्रा काढून वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडला. मऊ लोखंड छर्रा गिळून टाकतं, अस्सल पोलाद परत फेकतं. हा उसळून जवळजवळ माझ्या हातात परत आला. माझा चेहरा फुलला. ताईने कोपर मारलं. मी चेहरा पाडला.

"कडेचा टवका उडालाय," मी म्हणालो.

"मधे खोलगट झालीय," ताई म्हणाली. पाती सरळ करायला तेवढा खोलगटपणा मला हवाच होता, पण ते तिला कुठे ठाऊक!

"पुढच्या निमुळत्या शिंगाचं टोकही बसलंय. यावर धड काम व्हायचं नाही, काकू." आणि मी त्यांनी सांगितलेल्या भावाच्या निम्मे बोललो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

काकूंनी घासाघीस केलीच नाही. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे जन्मभर ते या मोडक्यावर राबले?" त्या म्हणाल्या. "एकदा म्हणाले होते, नवी घेऊ. मी म्हटलं, आधी कपाट घेऊ. कपाट घेतलं. पुन्हा विषय नाही काढला त्यांनी."

दारातून आतलं कपाट दिसत होतं. चांगलं होतं कपाट.

"असली वस्तू तुमच्या गळ्यात नाही मारायची मला. भंगारात देते."

ताई गप्प झाली. भावोजींनी हे बघायला हवं होतं. ऐरण तर हातची चाललीच होती, पण काकूंचं तोंडही बघवेना. माझी मलाच लाज वाटली.

"काकू, भाव पाडायला बोललो मी ते. ऐरण अस्सल आहे."

"उगाच समजूत काढू नका."

मी छर्रा त्यांच्या हातात दिला. "सोडून बघा."

त्यांनी सोडला. टण्णकन वाजून तो थेट वर आला आणि त्यांनी झेलला.

"नवी घेतली असती तरी याहून चांगली मिळाली नसती," मी म्हणालो. "कपाट घेतलंत तेच बरं केलंत."

त्यांनी छर्रा पुन्हा सोडला. मग पुन्हा. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि भाव सांगितला. पहिलाच. ताईने तोंड उघडलं. या वेळी कोपर मी मारलं.

ऐरण टेम्पोत चढली, पैसे देऊन झाले, तरी काकूंची एक मूठ मिटलेलीच होती.

"ऐरण न्या," त्या म्हणाल्या. "छर्रा राहू दे माझ्याकडे."

आता तो कशावर टाकणार, हे मी विचारलं नाही. ताईनेही नाही.