निवडून दिलेले तीस नग

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या रस्त्याच्या टोकाला सूर्यभान कोळेकर यांचे वर्कशॉप होते. तीन लेथ, एक ड्रिल मशीन आणि सहा माणसे, एवढाच पसारा. ट्रॅक्टरच्या पंपात बसणारी, बोटाएवढी पोलादी पिन ते करीत आणि एकाच मोठ्या कंपनीला देत. दुसरे गिऱ्हाईक त्यांना नव्हते. त्या कंपनीचा निरोप आला की दिवाळीनंतर दुप्पट माल लागेल. जमत असेल तर ठीक, नसेल तर सगळेच काम दुसरीकडे जाईल.

अडचण अशी होती की लेथवरून उतरलेली पिन थेट मापात बसत नसे. कडूबा हा सर्वांत जुना कारागीर प्रत्येक पिन पुन्हा लेथच्या पकडीत, चकमध्ये धरी, तिला पॉलिश पेपर लावी आणि मिलिमीटरच्या दोन शतांशात आणून सोडी. मायक्रोमीटर तो लावी तो केवळ खात्रीसाठी. माप त्याच्या बोटांना आधीच कळलेले असे. पण बोटे झाली तरी माणसाचीच. दिवसाला दीडशेच्या पुढे त्याची मजल जात नव्हती.

म्हणून सूर्यभान शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले. तिथे छोट्या कारखान्यांना मदत करणारे एक केंद्र नुकतेच सुरू झाले होते आणि प्रा. बद्रीनाथ गाडेकर ते चालवीत. गाडेकर सर दोन दिवसांत शेंद्र्याला आले, मशीनभोवती फिरले, चहा घेतला आणि निघताना म्हणाले, "काका, मला एकामागून एक उतरलेले तीस नग हवेत. हाताने पॉलिश केलेले नकोत. निवडू नका. जसे उतरतील तसे, त्याच क्रमाने द्या. परवा माणूस पाठवतो."

सूर्यभान यांचे वडील मेंढरे राखीत. 'गिऱ्हाइकाला कळप दाखवावा, पाहुण्याला मात्र निवडून द्यावं,' असे ते सांगत. सूर्यभान यांनी आयुष्यभर हेच पाळले होते. सर गेल्यावर ते कडूबापाशी येऊन उभे राहिले.

"कडूबा, तीस पिना काढ. एकदम आरशावानी."

"सर तर म्हणले, उतरतील तशा द्या."

"ते म्हणणारच. पाहुणा कधी म्हणतो का, मला चांगलं वाढा म्हणून? एवढी शिकलेली माणसं पयल्यांदाच आपल्या दारात आलीत. त्यांच्या हातात असला माल द्यायचा?"

"पाहुणा तुझा अन् बोटं माझी घासायची," कडूबा म्हणाला. "मालक झाला, पर खोड काय जात नाय तुझी."

तरी त्याने दिवसभर खपून तीस पिना केल्या. तेलाच्या कागदात एकेक गुंडाळली. सूर्यभान यांनी त्या स्वतः डब्यात रचल्या आणि त्यांना मनापासून बरे वाटले.

महिन्याने महाविद्यालयात अहवाल वाचून दाखवला गेला. प्राचार्य होते, कंपनीचे खरेदी अधिकारी होते, मोजमाप करणारे विद्यार्थी होते. गाडेकर सरांनी भिंतीवर तीस ठिपक्यांचा आलेख दाखवला. सगळे ठिपके एका ओळीत, जणू दोरी धरून मांडलेले.

"मशीन उत्तम स्थितीत आहे," सर म्हणाले. "हातकामाची गरजच नाही. तेवढी पायरी काढली की उत्पादन दुप्पट होईल. मोजणीसुद्धा पन्नासात एका नगाची केली तरी चालेल."

खरेदी अधिकाऱ्यांनी समाधानाने मान डोलावली. त्याच क्षणी सूर्यभान यांना आपण काय केले ते उमगले. ओठांवर आलेले शब्द त्यांनी चहाबरोबर गिळले. एवढ्या लोकांत सरांना तोंडघशी पाडायचे कसे? शिवाय सरांनी लेथला पोलाद कापणारे नवे टूल बसवून देतो म्हटले होते. कदाचित त्याने भागेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बाहेर पडून क्रांती चौकात रिक्षाची वाट पाहताना परत फिरावे असे एकदा त्यांच्या मनात आले. रिक्षा आली आणि ते बसले.

नवे टूल बसले. कडूबाला ड्रिलवर हलवले. पन्नासात एकच पिन, तीही सकाळच्या मालातली, मोजून दोन हजारांचा पहिला माल कंपनीत गेला आणि त्यातला तिसरा हिस्सा नापास झाला. पंधरा दिवसांनी कंपनीचे पत्र आले. काम दुसऱ्या पुरवठादाराला दिले होते आणि पुढची तीन वर्षे फेरविचार होणार नव्हता.

गाडेकर सर स्वतः शेंद्र्याला आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"चूक माझी आहे, काका. गणित चार वेळा तपासलं. कुठे चुकलो ते सापडत नाही. केंद्र बंद करावं असं मी प्राचार्यांना लिहून देणार आहे. आणखी कुणाचं वाटोळं व्हायला नको."

मग मात्र सूर्यभान यांना राहवले नाही. खाली पाहत त्यांनी सगळे सांगितले.

"मी 'निवडू नका' म्हटलं होतं," सर म्हणाले.

"व्हय, सर. मला ते तुमचं मोठेपण वाटलं."

सरांनी बॅग उघडली आणि मोजणीचे उपकरण टेबलावर ठेवले. कोपऱ्यात थोडे पोलाद शिल्लक होते. लेथ सुरू झाला, तीस पिना उतरल्या, आणि सरांनी प्रत्येकीचे माप कागदावर मांडले. या वेळी ठिपके ओळीत नव्हते. मशीन तापत गेले तसे ते वर वर चढत गेले होते.

"पिन फिरवणाऱ्या दांड्याचं, स्पिंडलचं बेअरिंग झिजलंय," सर म्हणाले. "गरम झालं की माप सरकतं. तेव्हा हा कागद माझ्या हातात असता, तर बेअरिंग बदलून घेतलं असतं. आठ दिवसांचं काम."

ड्रिलवरून कडूबा उठून आला होता. त्याने कागदावरची चढती रेघ पाहिली.

"हे का? हे तर मला बारा वरसांपासून ठाऊक हाय. सकाळची पिन जराशी जाड येती, दुपारची लई जाड. म्हणून तर मी हात लावायचो."

"मग बोलला का नाय, कडूबा?"

"इचारलं कुणी? तू म्हणला, आरशावानी काढ. मी काढल्या."

सरांनी कागद घडी करून सूर्यभान यांच्या हातात दिला. तो दाखवायला आता गिऱ्हाईक उरले नव्हते.

"आता बदललं तर?" सूर्यभान यांनी विचारले.

"मशीन चांगलं होईल," सर म्हणाले आणि बॅग बंद करू लागले.

ते गेल्यावर सहाही जण लेथपाशी गोळा झाले. सूर्यभान यांनी कंपनीचे पत्र त्यांना वाचून दाखवले. शेवटच्या ओळीशी त्यांनी कागद कडूबाकडे दिला आणि ती त्याने वाचली. एक जण उठला, हात पुसत म्हणाला, "मंग भाऊ, उद्या यायचं का?"

"नाय," सूर्यभान म्हणाले.