बाबारावांचं उष्टं ताट

साल त्र्याहत्तर. हेडक्लार्क बाबाराव बायकोला घेऊन रामदासपेठेतल्या दवाखान्यात आले होते. गोपिकाबाईंच्या हर्नियाचं ऑपरेशन अडलं होतं. पंधरा किलो उतरल्याशिवाय भूल देणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तीन महिन्यांनी काटा दोन किलोंनी वर गेला होता!

"काहून वं, हवा खाऊन फुगून राहिली का?" बाबाराव सगळ्यांसमोर ओरडले. घरीही त्यांनी हेच औषध चालवलं होतं. पाहुण्यांपुढे तिला 'पोतं' म्हणायचे, फराळाच्या डब्यांना कुलूप घालायचे आणि स्वतःला मोठे शिस्तीचे समजायचे. अशी अक्कल सरकारी खुर्चीतच पिकते.

वजन नोंदवणाऱ्या देवकी सिस्टरने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. "बाई, तुम्ही जेवता कवा?"

"यायचं झाल्यावर," गोपिकाबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यायच्याच उष्ट्या ताटात."

"ताटात काय उरून रायते?"

"दोन पोळ्या, भात, गोडधोड. नवऱ्यानं बायकोसाठी ताटात ठेवा लागते, असं सासूबाईनं शिकवलं. टाकलं तं पाप लागते." गोपिकाबाई पुढे म्हणाल्या, "अन् हे बोलले का मले रडू येते. मंग लपून गंजाच्या बुडाचा भात खरवडून खातो."

बाबाराव चपापले. रोज मुद्दाम जास्त वाढून घेणारे आणि उरलेलं तिच्यासाठी ठेवणारे तेच तर होते! वर लठ्ठ म्हणून हिणवणारेही तेच.

"साहेब," सिस्टर म्हणाली, "पथ्य बाईले सांगतलं, पण ते मोडून राहिले तुम्ही. हिणवलेलं माणूस लपून खाते. त्याले धीर द्या, तवा त्याचं मन पथ्यात लागते."

बाबारावांची मान खाली गेली. आपण हिला मारूनच टाकलं असतं!

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरं ताट मांडलं.

"लोक काय म्हणतीन?" गोपिकाबाई घाबरल्या.

"म्हणू दे. चुकलो मी. बस वं."

त्या बसल्या. एक भाकर, वाटीभर वरण खाऊन थांबल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाल्या, "माहं पोट भरलं."

पुरेसं वजन उतरून ऑपरेशन व्हायला आठ महिने लागले, पण ते झालं. नागरिकहो, घरातल्या जड माणसाची थट्टा करून कुणाचं वजन उतरत नाही, फक्त थट्टा करणाऱ्याची लायकी उतरते. त्या जड माणसाला सुधारायचं असेल तर आधी त्याच्या शेजारी जेवायला बसा.