तीन वाजताचा आकडा

पुण्याहून आलेला साहेब गुरम्माच्या कट्ट्यावर बसून सकाळपासून वह्या चाळत होता, आणि गुरम्मा उंबऱ्यात बसून त्याच्यावर नजर ठेवून होती. वह्या तिच्या नवऱ्याच्या होत्या. परक्या माणसानं बोटाला थुंकी लावून पानं उलटली असती, तर तिनं तिथंच त्याची शोभा केली असती.

"अक्षर काय सुंदर आहे हो तुमच्या मालकांचं!" साहेब म्हणाला.

"नुसतं अक्षर? आत भिंतीवर बघा. सरकारनं कागद दिलाय, नोंदी अचूक ठेवल्याबद्दल. काच रोज पुसते मी."

सोलापूरपासून नऊ मैलांवर, अक्कलकोटच्या अंगाला हे गाव. तळ्याच्या बांधाखाली सरकारी बंगला आणि बंगल्याच्या आवारात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी पेटी. पेटीत उष्णता मोजायची काचेची नळी. सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, एवढंच काम. चौसष्ट साली पेटी आली तेव्हापासून एकाहत्तरला जाईपर्यंत ते गुरम्माच्या नवऱ्यानं, शिवपुत्रप्पांनी केलं. पुढं सून जगदेवी करू लागली. सून नेमाची. तीनच्या ठोक्याला पदर डोक्यावर ओढून जायचीच.

ऊन कलायला लागलं तसे सरपंच आले, चार पंच आले, शेजारची शिवबाई सूप घेऊन आली. वीटभट्टीवाल्या कल्लप्पाला तर बोलावूनच आणलं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून चार वर्षं झाली, तरी गाव कुणाला तरी धरायला टपलेलंच होतं.

"जगात ह्यावर मोठा वाद चाललाय," साहेब सांगू लागला. "कुणी म्हणतं, पृथ्वी आपली आपण तापते, आपली आपण निवते, माणसाचा त्यात हात नाही. कुणी म्हणतं, झाडं तोडून, धूर करून माणूसच तिला तापवतोय. आता तुमचं गाव बघा." त्यानं कागदावर पेन्सिलीनं रेघ ओढली. "एकाहत्तरपर्यंत मे महिना एकोणचाळीस, चाळीस. बहात्तरपासून एकदम बेचाळीस, त्रेचाळीस. पेटी तीच, नळी तीच. शहराच्या नोंदीत ही वाढ नाही. मग इथंच काय बदललं?"

"बांधावरच्या बाभळी," एक पंच म्हणाला.

"दोनशे बाभळी!" सरपंचांनी मांडीवर थाप मारली. "ह्या कल्लप्पानं एकाहत्तरच्या दिवाळीला तोडल्या आणि भट्टीत घातल्या. बास झालं आता. उद्यापासनं तळ्याची माती बंद. भट्टीबी बंद."

"आमची जनावरं त्या बाभळीखाली बसायची की," शिवबाईनं सूप आपटलं. "आता काय ह्याच्या भट्टीत बसवू?"

गुरम्माच्या हातातला पंखा थांबला होता. एरवी अशा वेळी तिनं दोघांनाही सोलून काढलं असतं. आज ती वह्यांकडंच बघत राहिली.

कारण तिला एकटीला माहीत होतं की ते एकोणचाळीस आले कुठून.

शिवपुत्रप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वही डोळ्याला लावली की लिहिता यायचं, पण नळीवरच्या बारीक रेघा दिसायच्या नाहीत. काम जाईल म्हणून त्यांनी साहेबलोकांना सांगितलं नाही. आकडे ओळखायला बायकोला शिकवलं. ती बघून यायची, सांगायची, ते लिहायचे. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं चव्वेचाळीस सांगितलं आणि वरून पत्र आलं, आकडा पुन्हा तपासा म्हणून. शिवपुत्रप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून मे महिन्यात गुरम्मा पेटीपर्यंत जायचीच नाही. जमीन पाय भाजायची. ती परसातल्या लिंबाखाली घटकाभर उभी राहायची, आत येऊन म्हणायची, एकोणचाळीस. कधी चाळीस. चाळिसाच्या पुढं पत्र येतं, हे तिनं मनाशी धरलं होतं.

शिवपुत्रप्पा रोज विचारायचे, "स्वतः बघितलंस न्हवं?"

आणि ती रोज खेकसायची, "मग काय, तुमच्यासारखी आंधळी हाय व्हय मी?"

बिचारे मान खाली घालून लिहायचे. किती सुबक लिहायचे.

कल्लप्पा अजून उभाच होता. गुरम्माला तोंडावर तोफ म्हणणारा गावात तो एकटा. पण आज तो सरपंचांशी भांडला नाही, शिवबाईकडे त्यानं बघितलंही नाही. तो साहेबाच्या कागदावरची रेघ बघत होता.

"साहेब," तो हळू म्हणाला, "चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात माझी आई ऊन लागून गेली. मला भाकरी घेऊन बांधावरनं येत हुती. ते ऊन... ते मीच वाढवलं म्हणायचं का?"

साहेब पेन्सिलीशी चाळा करू लागला. कल्लप्पाची आई फुलाबाई गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ गुरम्मानंच घातली होती. तिच्या तळव्यांचे फोड गुरम्माच्या डोळ्यांपुढं आले.

"त्याला काय विचारतोस? मला विचार," ती म्हणाली आणि उठून कट्ट्यावर आली. "ते आकडे खोटे हायेत. मे महिन्याचे सगळे. आठ वर्षांचे."

"आत्याबाई!" आतून जगदेवी म्हणाली.

"गप. मी घरातनंच सांगत हुते. त्यांना दिसत न्हवतं, आणि मी बघत न्हवते. त्यांनी इमानानं लिवलं, मी बेइमानीनं सांगितलं. वाढलं म्हणताय ते ऊन न्हवं, साहेब. माझ्यानंतर माझी सून खरं बघायला लागली, एवढंच."

सरपंच पुटपुटले, "गुरम्माक्का, तुमी? गावाला शहाणपण शिकवणाऱ्या?"

"व्हय, मीच. शिकवलं तेबी खोटंच समजा."

साहेबानं लाल पेन्सिल काढली. एकेक वही उघडून मे महिन्याच्या पानांवर तो आडवी रेघ मारत गेला. शिवपुत्रप्पांच्या अक्षरावरनं पेन्सिल फिरली की गुरम्मा डोळे मिटून घ्यायची.

"मग आता कसं?" कल्लप्पानं विचारलं. "माणसानं केलं का आपोआप झालं?"

"आता ह्या वह्यांवरून काहीच सांगता येणार नाही," साहेब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच तिला जास्त लागलं. "आठ वर्षं गेली, आजी. ती परत मोजता येत नाहीत."

सरपंच चपला शोधू लागले. मातीचं पुढच्या बैठकीत बघू, म्हणाले. कल्लप्पा सुटल्यासारखा दिसायला हवा होता, पण दिसत नव्हता.

"ऊन वाढलं का न्हाय ते राहू द्या, अक्का," तो म्हणाला. "पण बांधावर सावली असती तर आई बसली असती की. ती तर मीच तोडली."

"आणि त्या विटांची न्हाणी मी बांधली," गुरम्मा म्हणाली. "घासाघीस करून घेतल्या हुत्या तुझ्याकडनं. झाडं पडताना मी काय बोलले हुते का?"

कल्लप्पा बांधाकडं चालू लागला.

"जगदेवी," गुरम्मानं हाक मारली, "भिंतीवरचा तो कागद काढ. शेजारचा त्यांचा फोटो राहू दे."

दुसऱ्या दिवशी तीनला सून पदर घेऊन निघाली, तर सासू तिच्या आधी बाहेर पडलेली. गुडघे धरत, चपलेतून पाय भाजत गुरम्मा पेटीपर्यंत गेली. दार उघडलं. नळीपुढं डोळे बारीक केले. परत आली तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

जगदेवीनं वही उघडली, लेखणी उचलली, आणि भीत भीत विचारलं, "स्वतः बघितलंत न्हवं, आत्याबाई?"

गुरम्माच्या ओठांवर जुनं उत्तर आलं. ते तिनं गिळलं.

"थांब, नीट बघून येते," ती म्हणाली, आणि पुन्हा उन्हात निघाली.