जानेवारीत आलेली गलबाना

मी गलबाना बोलतेय. उभ्याने बोलण्याचं त्राण नाही, तेव्हा बसूनच सांगते.

स्पेनच्या बोलीत आळसाला जे शब्द आहेत, त्यांतली मी एक. माझं मूळ विचाराल तर पंडितांचंच एकमत नाही. कोणी म्हणतात, मी अरबीतून आले आणि तिकडे माझा अर्थ दुःख असा होता. असेलही. इतक्या तोंडांतून फिरल्यावर माहेर कुठलं आठवायला! थोरली बहीण पेरेसा मात्र लॅटिन घराण्यातली. पोर्तुगालात तिला प्रेगीसा म्हणतात. पाद्र्यांनी तिला पापांत बसवलं. मला कोणी पाप म्हणत नाही. भर जुलैत जेवणानंतर मी माणसाच्या अंगात शिरते, तो झाडाखाली आडवा होतो. "गलबाना आलीय" म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

तेच लिबोरियोच्या जिवावर बेतलं.

लिबोरियो दक्षिण स्पेनमधल्या खाएनकडच्या एका गावात फळं पाडायला ऑलिव्हची झाडं काठीने झोडपायचा. त्या जानेवारीत चार फटके मारले की तो मटकन बांधावर बसू लागला. छातीत कळ यायची. पण ते कबूल केलं, तर मुकादम काठी काढून घेणार आणि फळं झेलायला खाली पसरलेल्या जाळ्या ओढण्याच्या कमी मानाच्या कामाला लावणार. ते त्याला मरणापेक्षा वाईट वाटायचं.

"गलबाना आलीय, दुसरं काय!" तो म्हणायचा.

"हिची तुझ्याशी कायमची सोयरीक झाली वाटतं!" मुकादम हसायचा. टोळीही हसायची. मला फार लाज वाटायची.

एका संध्याकाळी तो घरी येऊन खुर्चीत कोसळला. बायको कासिल्दा पावाचा चुरा परतत होती.

"काय झालं रे?"

"काही नाही गं. गलबाना."

तिचा हात थांबला. "बाहेर पाणी गोठतंय. या दिवसांत गलबाना? कुठे दुखतंय, खरं सांग."

"उगाच गावभर करू नकोस."

"करणार! ऊठ, कोट घाल."

तिने शेजाऱ्याला हाक मारून गाडी काढायला लावली. हृदयाचं दुखणं होतं, थोडक्यात वाचला, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता उन्हाळा आहे. लिबोरियो अंजिराखाली पडलाय, आणि आज खरोखर मीच आलेय. तो तसं म्हणालासुद्धा. तरी कासिल्दा हातातलं काम टाकून आली.

बाबांनो, थकले मी. निवांत पडायचं असेल तर खुशाल बोलवा, पण दुखणी माझ्या पदराखाली लपवू नका. माझ्या शब्दावर आता घरच्यांचाही भरवसा उरलेला नाही.

तो घोरतोय. ती त्याच्या छातीला कान लावून बसलीय.