मधले फेरे

आई गाडी विकतेय हे मला तिच्या क्लबातल्या फोक्कोने फोनवर सांगितलं. आईने नाही.

"रविवारी ग्रोनिंगेनहून एक गृहस्थ न्यायला येतायत," तो म्हणाला. "जुन्या गाड्या जमवतात. काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. हिल्के, ती गाडी कपाटात गेलेली मला नाही बघवणार. तू काहीतरी कर."

"कारण काय सांगितलं तिने?"

"अंगठा दाखवला. आणि मला घराबाहेर काढलं."

गाडी हातभर लांबीची आहे. लाल, रिमोटवर चालणारी, मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद. आत चालकाच्या जागी एक प्लॅस्टिकचा बाहुला बसवलेला असतो. खोक्यावरच्या चित्रात त्याच्या अंगावर शर्यतीचा पोशाख होता, आईने त्याला पिवळा रेनकोट रंगवला. ती तेव्हा नोर्डडाइशच्या धक्क्यावर बेटांच्या बोटींची तिकिटं विकायची आणि दिवसभर तिच्या खिडकीसमोरून पिवळे रेनकोटच जात. दाढ काढायला म्हणून ब्रेमेनला गेली आणि येताना एका दुकानाच्या काचेतली ही गाडी खोक्यासकट घेऊन आली. गाल सुजलेला, बगलेत खोकं. बाबांनी विचारलं, "हे तुला कशाला?" तोंडातला कापूस न काढता ती म्हणाली, "तुझ्याकडे बोट आहे." मी तेव्हा दुसरीत होते.

बंधाऱ्यामागच्या मोकळ्या जागेत अशा गाड्या पळवणाऱ्यांच्या क्लबचा ट्रॅक आहे. तिथे मेंढ्या येतात, त्यांच्या लेंड्या झाडून मगच शर्यत सुरू होते. ट्रॅकची निगा फोक्को राखतो, तेव्हाही तोच राखायचा. समुद्राची वाळू पिठासारखी बारीक. ती गिअरबॉक्समध्ये शिरते, चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते, आणि म्हणून ट्रॅकवरून आणल्यावर प्रत्येक वेळी गाडी पूर्ण उघडून, ब्रशने साफ करून परत जोडावी लागते. म्हणजे स्क्रू काढायचे, स्क्रू लावायचे, दर शनिवारी. आमच्या क्लबात एक पद्धत आहे, कुठे लिहिलेली नाही पण सगळे पाळतात: गाडी चालवायची ज्याने, जोडायचीही त्यानेच. दुसऱ्याकडून जोडून घेतलेली गाडी घेऊन ट्रॅकवर उभं राहणाऱ्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात. आई तर फारच वेगळ्या नजरेने बघायची.

आता तिच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. पेला उचलता येतो, कुलूप उघडता येतं, पण चिमटीत धरून काहीही फिरवत राहिलं की दुखतं. मागच्या शरद ऋतूत फोक्कोने तिला आपलं ड्रिल मशीन दिलं होतं. पहिल्याच स्क्रूला चासीतल्या, म्हणजे खालच्या सांगाड्यातल्या, एका भोकाचे आटे गेले. त्या चासीचं प्लॅस्टिक आता कुणी बनवत नाही, तो साचाच राहिलेला नाही. तेव्हापासून गाडी सुटीच पडून होती, तिने ती जोडली नव्हती. फोक्कोच्या फोनमधल्या रडवेल्या सुराचं कारण मला तेवढ्यावरून कळलं.

मी ओल्डेनबुर्गला एका प्रयोगशाळेत काम करते. प्लॅस्टिकचे नमुने ओढून, वाकवून, पिळून तोडायचे आणि ते कधी तुटले ते नोंदवायचं. त्यामुळे आईला बॅटरीवर चालणारा चांगला स्क्रूड्रायव्हर शोधून देणं हे माझ्याच विषयातलं काम आहे असं मला वाटलं. त्या आठवड्यात मी दोन आणले. जेवणाच्या सुट्टीत जुन्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना भोकं पाडली, स्क्रू घातले, काढले, पुन्हा घातले, आणि कुठल्या जोराला आटे जातात ते मोजलं. मग कुठलं यंत्र त्या जोराच्या किती आधी थांबतं तेही मोजलं. उत्तर अगदी स्वच्छ आलं. पेनासारखा सडपातळ होता तो, जोर वाढला की सुटणारा त्याचा क्लच इतका हलका की माझ्या मनात शंका उरली नाही.

शनिवारी दुपारी पोचले तेव्हा फोक्को आधीच स्वयंपाकघरात बसलेला होता आणि आई त्याच्याशी बोलत नव्हती. टेबलावर गाडी उलटी ठेवलेली, खाली जुना टॉवेल, शेजारी सुटे स्क्रू. आईने कपात खडीसाखरेचे खडे टाकले, वरून चहा ओतला, खडे तडतडले. कडेने साय सोडून तिने कप माझ्यापुढे सरकवला.

"याने सांगितलं ना तुला?"

"हो."

"पोटात काही राहत नाही याच्या. बोटीचा भोंगा आहे नुसता."

"अगं टोम्मा, मी आपलं..." फोक्को म्हणाला.

"तू चहा पी."

क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, वय कितीही असो. पण आई ज्या सुरात अरे-तुरे करते, त्यात तिकिटाच्या रांगेत घुसणाऱ्यांना घाबरवण्याची बरीच वर्षं मुरलेली आहेत.

मी माझा सडपातळ उमेदवार बाहेर काढला. मी त्याचे गुण सांगत होते तेवढ्यात तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "उलटा कसा फिरवायचा?"

"बाजूला ती खिट्टी आहे. सरकव."

"कशाने?"

मी बघितलं. खिट्टी बरोबर अंगठ्याखाली येत होती, आणि घट्ट होती. मी स्क्रूच्या टोकाला जे जे मोजण्यासारखं होतं ते सगळं मोजलं होतं. दुसऱ्या टोकाला हात असतो हे लक्षातच आलं नव्हतं.

"छान आहे," आई म्हणाली आणि तो अलगद बाजूला ठेवला. दुकानात न घ्यायची वस्तू ठेवतात तसा.

दुसरा पिस्तुलासारखा होता, बोटाने दाबायचा, अंगठ्याचा संबंध नाही. मी चाचणीची पट्टी पुढे केली. आईने स्क्रू भोकावर ठेवला आणि आधी उलटा फिरवला.

हे सांगायला हवं. प्लॅस्टिकमध्ये एकदा स्क्रू गेला की तो आपली वाट कोरून ठेवतो. परत लावताना त्याच वाटेवरून जायला हवा, नाहीतर तो शेजारी दुसरी वाट कोरतो, मग तिसरी, आणि शेवटी मधलं सगळं भुसभुशीत होतं. जुनी वाट सापडायची एकच युक्ती. स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवायचा. फिरता फिरता एका जागी तो टिक करून किंचित खाली बसतो. तिथे थांबायचं, आणि मग सुलटा फिरवायचा. हे मला शाळेत किंवा विद्यापीठात कुणी शिकवलेलं नाही. याच टेबलावर शिकले.

पिस्तूल घूं करून फिरलं. टिक झालं असणार, सेकंदात दोन-तीनदा झालं असणार, पण त्या आवाजात आणि थरथरीत ते कुणाला कळणार? आईने अंदाजाने सुलटं केलं. पट्टीतून काळा भुसा वर आला.

"हा अगदी फोक्को आहे," ती म्हणाली. "बोलत सुटतो. ऐकत नाही."

फोक्कोने कपात बघितलं. मी पट्टीवरचा भुसा बोटाने गोळा केला. आई उठून गाडी टॉवेलात गुंडाळायला लागली, चारी कोपरे दुमडून, नीट.

"राहू दे गं हिल्के. तू एवढी धडपडलीस. उद्या ते गृहस्थ येतील, तेही भले वाटतात फोनवर. अधूनमधून धूळ पुसतील."

"तू जाशील का मग ट्रॅकवर?"

"कशाला? मेंढ्या हाकायला?"

मला नुसती गाडी जाते आहे असं वाटत नव्हतं. बाबा गेल्यापासून आईचा आठवडा शनिवारच्या त्या एका दुपारला टांगलेला आहे. आणि खरं सांगायचं तर, माझाही.

फोक्कोने घसा खाकरला आणि पायाजवळच्या पिशवीतून एक वस्तू काढली. हिरवी, जाड, सरळ, बेढब. सुपरमार्केटमध्ये बटाट्यांच्या आणि हातमोज्यांच्या मध्ये जे काही स्वस्तात ठेवलेलं असतं, त्यातली. तिला जोर कमी-जास्त करायची सोयच नव्हती. दुकानात मी ती बघून पुढे गेले होते.

"मी पण एक आणलंय," तो म्हणाला. "म्हणजे मागच्या वेळचं... ते माझ्यामुळेच झालं ना."

आईने ते घेतलं, बहुधा त्याचं मन राखायला. बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"फोक्को."

"हं?"

"चार्ज केलंस का हे?"

तो टोपी चाचपायला लागला. आई हसली. त्या दुपारी पहिल्यांदा. आणि हसता हसता, हातात स्क्रूड्रायव्हर आहे आणि समोर स्क्रू आहे म्हणून, सवयीने तिने त्याचं टोक पट्टीतल्या दुसऱ्या भोकावरच्या स्क्रूमध्ये टेकवलं आणि अख्खी मूठ हळूच उलटी वळवली.

टिक.

आम्ही तिघांनीही ते ऐकलं. बंद असताना त्या यंत्राचं टोक आतून घट्ट धरलेलं राहत होतं, साध्या स्क्रूड्रायव्हरसारखं. आणि दांडा इतका जाड की चिमटीत धरताच येत नव्हता, मुठीतच धरावा लागत होता. अंगठा नुसता वर पडून होता.

"दुखलं?" मी विचारलं.

"नाही." तिने पुन्हा उलटं फिरवलं. टिक. "पण एवढ्याने काय होतंय? एक वळण जमतं. पुढचे फेरे कोण देणार? पुन्हापुन्हा पकड बदलायची म्हटली की संपलं."

तेव्हा मला ते दिसलं. याच टेबलावर, तेव्हा त्यावर चौकड्यांचं मेणकापड असायचं, मी खुर्चीत उशीवर बसलेली. आई स्क्रू उलटा फिरवायची, टिक व्हायचं, "ऐकलंस?" विचारायची आणि दांडा माझ्या हातात द्यायची. मी दोन्ही तळव्यांत धरून तो घुसळल्यासारखा फिरवायची. फिरवता फिरवता विचारायची, "अजून किती?" ती म्हणायची, "अडलं की थांब." अडलं की ती दांडा काढून घ्यायची आणि शेवटचं पाव वळण स्वतः द्यायची, डोळे बारीक करून. सुरुवात तिची, शेवट तिचा. मधले कंटाळवाणे फेरे माझे. मला त्याचा फार राग यायचा.

"आई, मी मधले फेरे द्यायची तेव्हा गाडी कुणी जोडली म्हणून सांगायचीस क्लबात?"

"मी जोडली म्हणून. का?"

"माझं नाव कधी घेतलंस?"

"तू फक्त फिरवायचीस. त्यात काय जोडणं आलं?"

"मग हेही फक्त फिरवेल."

आईने हिरवा दांडा उलटसुलट करून बघितला. मी एवढे दिवस सगळं काम करू शकेल असं हळुवार यंत्र शोधत होते. हवं होतं ते वेळेवर बंद होणारं, आणि बंद झाल्यावर मुकाट्याने हातात राहणारं.

"बघा," फोक्को म्हणाला, "मी म्हणतच होतो..."

"तू चार्जर आणलास का?"

तो आणला होता. आम्ही ते पाव ठेवायच्या डब्याशेजारी लावलं आणि चहा घेत बसलो. आईने फोक्कोला मनुकांच्या पावाचा कडेचा तुकडा दिला, जो ती कुणाला देत नाही. तिसऱ्या कपानंतर त्याने आता पुरे म्हणून चमचा कपात उभा ठेवला तेव्हा यंत्रावरचा दिवा हिरवा झाला होता.

मग तिने टॉवेल उलगडला. पट्टी नाही, सरळ गाडीच घेतली. मी हात मांडीखाली घेतले. मुठीने उलटं, टिक. बटण, आणि ते हळू, अगदी म्हाताऱ्यासारखं घुरघुरत फिरलं. स्क्रूचं डोकं चासीला टेकायच्या जरा आधी तिने बोट उचललं. मग शेवटचं वळण मुठीने, डोळे बारीक करून. तिने नखाने स्क्रूच्या डोक्याची कड तपासली. पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा. ज्या भोकाचे आटे गेले होते तिथे ती थांबली, फोक्कोकडे एकदा बघितलं, आणि ते सोडून पुढे गेली.

"तुझ्यापेक्षा बरं आहे हे," ती मला म्हणाली. "'अजून किती' विचारत नाही."

मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. शाळकरी वयातली माझी जागा सुपरमार्केटमधल्या एका हिरव्या दांड्याने घेतली होती.

तिने फोन मागितला. ग्रोनिंगेनच्या गृहस्थांशी ती फार सभ्यपणे बोलली. नाही, किमतीचा प्रश्न नाही. हो, तुमचा रविवार मोकळा झाला. नाही, नंतरही नाही. पेंटेकॉस्टच्या सणाला आमच्याकडे जुन्या गाड्यांची शर्यत असते, बघायला या, येताना रबरी बूट आणा.

फोक्को ट्रॅक झाडायला म्हणून निघाला. शर्यतीला अजून पुष्कळ दिवस होते, तरी निघाला.

टेबलावर एकच स्क्रू राहिला होता, बाहुल्याच्या पाठीमागचा. आईने यंत्र बाजूला ठेवलं आणि खणातून जुना स्क्रूड्रायव्हर काढला, लाकडी दांड्याचा, माझ्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला. स्क्रू उलटा फिरवून तिने जागा शोधली आणि दांडा माझ्याकडे वळवला.

"हा तू कर."

मी तो दोन्ही तळव्यांत धरला. दांडा आठवणीपेक्षा बारीक होता. मी फिरवत राहिले. पिवळ्या रेनकोटातला बाहुला समोर बघत होता.

"अजून किती?" मी विचारलं.

"अडलं की थांब," आई म्हणाली, आणि हात पुढे करून वाट बघत बसली.